उन्हाळ्यातली ग्रुप हाइक: कुत्र्याला पाठवावं का?

घरून गाडीत घेऊन जायचं, पाच-सात कुत्र्यांच्या टोळीबरोबर डोंगरात किंवा रानात हिंडवायचं आणि दमलेला कुत्रा परत दारात आणून सोडायचा, अशी ही सेवा. निकाल आधीच सांगून टाकू. साधारण दीड ते सात वर्षांचा, धडधाकट, दुसऱ्या कुत्र्यांत रमणारा कुत्रा असेल, तर थंडीच्या दिवसांत या सेवेचे पैसे वसूल होतात. सपाट रस्त्यावर आखूड पट्ट्याने तासभर चालवूनही जे साधत नाही, ते चढउताराच्या वाटेवर साधतं. मागच्या पायांना आणि पाठीला खरा व्यायाम होतो, नाकाला भरपूर काम मिळतं, इतर कुत्र्यांशी वागायची रीत अंगवळणी पडते. उन्हाळ्यात मात्र तोच हँडलर (कुत्र्यांना फिरवायला नेणारा माणूस) आणि तीच वाट वेगळ्या कसोटीला लागते. त्या दिवसांत चांगली सेवा ओळखायची ती तिच्या नकारांवरून. कोणता कुत्रा ती घेत नाही, कोणत्या दिवशी निघत नाही आणि कुठून मागे फिरते, एवढं कळलं की जाहिरात वाचायची गरज उरत नाही.

निरोगी कुत्र्याच्या शरीराचं तापमान ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असतं. घाम येतो तो मुख्यतः पंजाच्या गाद्यांना, आणि अंग थंड ठेवायला तो पुरत नाही. सगळी भिस्त धापेवर. जीभ, नाक आणि घशातला ओलावा वाफ होऊन उडतो आणि जाताना उष्णता घेऊन जातो. हवा दमट असली की ही वाफ नीट होत नाही, त्यामुळे २७ अंशांची घामट सकाळ ३२ अंशांच्या कोरड्या सकाळीपेक्षा जास्त त्रासाची ठरू शकते. त्यात चालणारे-धावणारे स्नायू सतत उष्णता निर्माण करत असतात. शरीराचं तापमान ४१ अंशांच्या पुढे गेलं की पेशींना इजा होऊ लागते. आतडी, मूत्रपिंड, मेंदू आणि रक्त गोठण्याची व्यवस्था सगळ्यांवरच घाला येतो.

टोळीतला कुत्रा आपणहून थांबत नाही. एकटा कुत्रा दमला की सावलीत बसकण मारतो. तोच कुत्रा टोळीत असला की पुढच्याने धाव घेतल्याबरोबर मागे सुटतो. हा ग्रुप हाइकचा मूळ दोष आहे. हँडलर कितीही प्रेमळ असला तरी हा दोष जात नाही. थांबवायचं काम माणसालाच घड्याळ लावून करावं लागतं. उष्माघात म्हटलं की लोकांना बंद गाडी आठवते, पण ब्रिटनमधल्या पशुवैद्यकीय नोंदींवर चालणाऱ्या व्हेटकंपास प्रकल्पातून २०२० मध्ये आलेल्या अभ्यासात सुमारे तीन चतुर्थांश घटनांचं कारण व्यायाम होतं, बंद गाडीचा वाटा ५ टक्क्यांच्या आसपास. तेव्हा ‘आम्ही कुत्र्यांना गाडीत कधीच सोडत नाही’ हे वाक्य ऐकून निश्चिंत होऊ नये.

कोणाला घेत नाहीत

त्याच प्रकल्पाच्या आकडेवारीत लॅब्रडॉरच्या तुलनेत चाऊ चाऊला उष्णतेच्या आजाराचा धोका सुमारे १७ पट, बुलडॉगला १४ पट आणि फ्रेंच बुलडॉगला ६ पट निघाला. चपट्या नाकाच्या कुत्र्यांचा श्वासमार्गच अरुंद असतो. धाप लागली की आतल्या भागाला सूज येते, सुजेने मार्ग आणखी चिंचोळा होतो आणि धाप वाढते. पग, बॉक्सर, शिह त्झू हे त्याच रांगेत. ‘आम्ही सगळ्या जातींचं स्वागत करतो’ असं अभिमानाने लिहिणारी सेवा उन्हाळ्यापुरती तरी यादीतून काढून टाकावी.

जातीपेक्षाही जास्त फसवतं ते वजन. हात फिरवल्यावर बरगड्या सहज हाताला लागल्या पाहिजेत. शोधाव्या लागत असतील तर तो कुत्रा उन्हाळी हाइकचा नाही. म्हाताऱ्या लॅब्रडॉरचा भुंकण्याचा आवाज घोगरा झाला असेल आणि श्वास घेताना घरघर येत असेल, तर स्वरयंत्राचा अर्धांगवायू असू शकतो. हा आजार घरी बसल्या जाणवत नाही, चढावर एकदम उघडा पडतो. मोठ्या जातींच्या पिल्लांच्या हाडांची वाढ १२ ते १८ महिने चालते, तोवर लांब चढउतार नकोतच. माजावर आलेली मादी टोळीत घेऊ नये, याला वेगळं स्पष्टीकरण लागू नये, पण नोंदणी अर्जात हा प्रश्न विचारलाच जात नाही असंही दिसतं. तोंड घट्ट बंद करणारं कापडी किंवा नायलॉनचं मझल ज्याला लावावं लागतं, त्याला त्या मझलसकट हाइकला नेणं म्हणजे त्याची धापच बंद करणं. पिंजऱ्यासारखं जाळीचं मझल, ज्यात तोंड पूर्ण उघडून जीभ बाहेर येते आणि पाणीही पिता येतं, तेवढंच चालतं.

दिवसभर एसीत राहणारा कुत्रा हा वेगळाच प्रश्न. उष्णतेची सवय व्हायला निदान १० ते २० दिवस जातात, पुरती सवय व्हायला दोन महिनेही लागतात. म्हणून उन्हाळ्याची पहिली लाट सर्वांत वाईट. त्या आठवड्यात नेहमीच्या अंतरात निम्मी काटछाट केली का, हे विचारून पाहावं. गोंधळलेलं उत्तर आलं तर काय ते समजावं.

नवीन कुत्र्याला पहिल्याच दिवशी सहा जणांच्या टोळीत टाकणारेही आहेत. बरी पद्धत अशी की आधी एकट्याची भेट, मग एका शांत, मुरलेल्या कुत्र्याबरोबर फेरी, मग छोट्या गटात ५ ते १० मीटरच्या लांब दोरीवर. हाकेला परत येतो का हे मोकळ्या मैदानात पाहून भागत नाही, दुसरा कुत्रा पळत असताना पाहावं लागतं.

कोणत्या दिवशी निघत नाहीत

इथे लेखी आकडा मागावा. ‘हवामान बघून ठरवतो’ हे उत्तर नव्हे. आमचा हिशेब असा: २० अंशांपर्यंत नेहमीचा कार्यक्रम, २० ते २४ मध्ये सावलीची वाट आणि जास्त थांबे, २४ ते २८ मध्ये फक्त पहाटे, कमी अंतर, सडपातळ आणि निरोगी कुत्रे, पळापळ नाही, २८ च्या वर रद्द. हवा दमट असेल तर एक पायरी खाली उतरायचं. आणि आकडा धरायचा तो निघतानाचा नाही, परत गाडीशी पोचतानाचा. सकाळी सातला २२ अंश असताना निघालेली टोळी साडेनऊला २९ मध्ये उघड्या कातळावर सापडते. बहुतेक अपघातांची गोष्ट एवढीच असते.

संध्याकाळच्या फेऱ्यांचं कौतुक फार होतं, पण सूर्य उतरला तरी खडक आणि डांबर उतरायला वेळ घेतात, आणि कुत्र्याचं पोट जमिनीपासून वीतभर अंतरावर असतं. हवा ३० अंशांच्या आसपास असताना उन्हातलं डांबर ५५-६० अंशांपर्यंत जातं. इतक्या तापमानाला गाद्यांची कातडी मिनिटाभरात भाजू शकते. उलटा हात ७ सेकंद जमिनीवर ठेवता आला पाहिजे, ही चाचणी जुनी असली तरी चांगली आहे. वाट मातीची असली तरी गाडीतळ डांबरी असतो, हे लक्षात ठेवून तिथेही हात टेकवावा. उन्हाळ्यात पहाटेला पर्याय नाही.

पैशाची रचनाही पाहून घ्यावी, कारण नकार देणं हँडलरला परवडलं पाहिजे. फेरीमागे पैसे घेणाऱ्याची प्रत्येक रद्द फेरी म्हणजे बुडालेला रोज. महिन्याचं पॅकेज घेऊन रद्द फेरी पुढे ढकलणारा, किंवा त्याऐवजी सावलीत अर्ध्या तासाची हुंगत फिरण्याची छोटी फेरी देणारा, उन्हाच्या दिवशी जास्त मोकळ्या मनाने ‘आज नको’ म्हणू शकतो. मालकांनाही एक सांगायला हवं: रद्द झाली म्हणून कटकट करणारे गिऱ्हाईकच चांगल्या हँडलरला बिघडवतात.

चार तासांतले तास कुठे जातात

चार तासांच्या हाइकमध्ये चालणं बहुधा दीड तासाचं असतं. उरलेला वेळ कुत्रे गोळा करण्यात आणि परत सोडण्यात जातो. त्यामुळे खरा धोका वाटेइतकाच गाडीतही आहे, विशेषतः गोळा करताना. हँडलर एकटा असेल तर तो एका इमारतीत वर जाऊन कुत्रा आणेपर्यंत बाकीचे खाली बंद गाडीत. दहा मिनिटांचा एक थांबा, असे सहा. अमेरिकेत २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत उन्हातल्या गाडीचं आतलं तापमान तासाभरात सुमारे २२ अंशांनी वाढलं, त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली, आणि काचा थोड्या खाली ठेवून जवळपास काहीच फरक पडला नाही. म्हणून दोन माणसांची गाडी हवी, किंवा मालकाने कुत्रा खाली आणून हातात द्यायचा असा नियम हवा. पिंजऱ्यांच्या भागात एसीचा झोत खरंच पोचतो का, इंजिन बंद झाल्यावर चालणारा पंखा आहे का, आणि मागच्या भागातलं तापमान पुढे बसलेल्याला दिसतं का, हे तीन प्रश्न गाडी बघायला जाऊन विचारावेत. गाडी दाखवायला टाळाटाळ झाली तर पुढची बोलणी थांबवावीत.

क्रमही पाहावा. सर्वांत आधी चढलेला सर्वांत शेवटी उतरत असेल, तर तो कुत्रा फिरण्यापेक्षा प्रवासच जास्त करतो.

एका माणसामागे किती कुत्रे, यावर एकमत नाही. ब्रिटनमधल्या व्यावसायिकांसाठीच्या मार्गदर्शक सूचना ४ म्हणतात, सॅन फ्रान्सिस्कोचा परवाना ८ पर्यंत जाऊ देतो. डोंगरात, उन्हाळ्यात, एकट्या माणसाने चारच्या वर जाऊ नये असं आमचं मत. कारण साधं आहे: एक कुत्रा कोसळला तर त्याच्यावर पाणी कोण ओतणार आणि बाकीचे कोण धरणार? दोन झाडांमध्ये बांधायची दोरी आणि प्रत्येक कुत्र्यासाठी एक कॅराबिनर (झटकन अडकवता येणारी कडी) पिशवीत असेल, तर त्या माणसाने या प्रसंगाचा आधी विचार केलेला आहे. तसंच ३५ किलोचा लॅब्रडॉर वाटेवरून गाडीपर्यंत आणायचा कसा? तेवढं वजन पेलणारी झोळी हवी. ती नसेल तर बाकीची प्रथमोपचार पेटी कितीही देखणी असली तरी उपयोग अर्धाच.

वाटेची निवडही बोलकी असते. सुरुवातीला चढ आणि परतताना उतार, हे बरोबर. आधी दरीत उतरून शेवटी चढणारी वाट उन्हाळ्यात बाद, कारण सर्वांत कठीण श्रम सर्वांत तापलेल्या वेळी येतात. मध्येच गाडीजवळून जाणारी, इंग्रजी आठच्या आकाराची वाट उत्तम. कुठूनही गाडी २० मिनिटांपेक्षा लांब नाही. दर १५-२० मिनिटांनी सावलीत ५ मिनिटं थांबायचं. त्या पाच मिनिटांत धाप उतरून तोंड मधूनमधून मिटायला हवं. मिटत नसेल तर त्या कुत्र्याची हाइक तिथेच संपली, आणि पर्यायाने सगळ्यांची. चेंडू तर उन्हाळ्यात गाडीतच ठेवावा. चेंडूवेडा कुत्रा कोसळेपर्यंत पळतो.

पाण्याचा हिशेब हँडलरकडून तोंडी करून घ्यावा, मजा येते. वीस किलोच्या कुत्र्याला दीड तासाच्या उन्हाळी फेरीत साधारण अर्धा लिटर धरावं. चार कुत्र्यांचे दोन लिटर, अंगावर ओतायला राखीव निदान तीन लिटर, म्हणजे पाठीवर पाच किलो. गाडीत आणखी वीस लिटरचा कॅन. ‘वाटेत ओढा आहे’ हे उत्तर पुरेसं नाही. वाहत्या पाण्यात डुंबायला हरकत नाही, पण साचलेल्या पाण्यावर हिरवा-निळा तवंग किंवा रंग सांडल्यासारखा थर दिसला तर ते निळं-हिरवं शेवाळ असू शकतं. त्याचं विष यकृतावर किंवा मज्जासंस्थेवर जातं आणि काही वेळा तासाभराच्या आत जीव घेतं. डबक्यांतून लेप्टोस्पायरोसिस हा जिवाणूंचा आजारही येतो, त्याची लस दरवर्षी लागते. पाजताना एका वेळी शंभर-दीडशे मिलिलिटर. धापा टाकत घटाघटा प्यायलेलं पाणी उलटीत परत येऊ शकतं.

काही बिनसलं तर

सुरुवातीची लक्षणं अशी: जीभ टोकाशी चमच्यासारखी पसरते, लाळ घट्ट आणि चिकट होते, हिरड्या लालबुंद दिसतात, कुत्रा हाकेला उशिरा वळतो, सावली दिसली की तिकडे ओढतो. पुढची पायरी म्हणजे मागचे पाय लटपटणं, उलटी, रक्ताचे जुलाब, कोसळणं, झटके. सेवांच्या जाहिरातीतले ‘हसरे’ ग्रुप फोटो या नजरेने बघावेत. डोळे बारीक, ओठ कानापर्यंत ओढलेले, जीभ रुंद पसरलेली, आणि तसे पाचही कुत्रे रांगेत. हा आनंद नव्हे, ताप आहे, आणि तो फोटो काढायला कुणीतरी त्यांना उन्हात बसवलेलं आहे.

हँडलरला विचारायचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न: ‘कुत्रा कोसळला तर पहिलं काय करणार?’ ‘लगेच डॉक्टरकडे पळवणार’ हे उत्तर अर्धवट. आधी थंड करायचं, मग न्यायचं. सावलीत आणून मान, छाती, पोट आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला पाणी ओतत राहायचं, केस बाजूला सारून कातडीपर्यंत पोचवायचं, आणि वारा घालायचा. पाणी कुत्र्याच्या अंगापेक्षा थंड असलं की पुरे. बर्फाचं हवं असं नाही, आणि ‘गार पाण्याने झटका बसतो’ म्हणून वाट पाहणं त्याहून वाईट. तरुण, निरोगी कुत्र्याला ओढ्यात किंवा टबात डोकं वर धरून बसवलं तरी चालतं. ओला टॉवेल अंगावर टाकून ठेवणं ही मात्र हमखास होणारी चूक आहे. थोड्याच वेळात टॉवेल अंगाइतका तापतो आणि उष्णता आतच अडते. शुद्धीत असेल तर पाणी पुढे ठेवायचं, तोंडात ओतायचं नाही. गुदमार्गाने दर काही मिनिटांनी तापमान घ्यायचं आणि ३९.५ ला थंड करणं थांबवायचं, नाहीतर ते खाली घसरत जातं. मग गाडीत, एसी लावून किंवा खिडक्या उघड्या ठेवून, डॉक्टरकडे. कुत्रा उठून शेपूट हलवायला लागला तरीही जायचंच, कारण मूत्रपिंडाची आणि रक्त गोठण्याची गडबड एक ते तीन दिवसांनीही दिसू शकते. यासाठी पिशवीत डिजिटल थर्मामीटर आणि व्हॅसलीन हवं. थर्मामीटर नसलेला हँडलर अंदाजावर चाललेला आहे.

शुद्धीतल्या, फक्त तापलेल्या कुत्र्यासाठी एक सोपा उपाय पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाच्या कामकरी कुत्र्यांच्या केंद्रातल्या प्रयोगातून पुढे आला. व्यायामानंतर स्वतःहून डोकं पाण्यात बुडवायला शिकवलेल्या कुत्र्यांचं तापमान ओल्या टॉवेलपेक्षा किंवा मानेवरच्या बर्फाच्या पिशव्यांपेक्षा लवकर आटोक्यात आलं. बादलीच्या तळाशी खाऊ टाकून हे घरी शिकवता येतं. जबरदस्तीने मात्र डोकं बुडवायचं नाही, आणि कोसळलेल्या कुत्र्याचं तर मुळीच नाही.

ज्यादा पैसे घेऊन विकल्या जाणाऱ्या वस्तूंपैकी पाणी शोषून गारवा देणारी जाकिटं कोरड्या हवेत बरी चालतात, दमट हवेत ती नुसती ओली गोधडी होतात; हँडलर ती पुन्हा पुन्हा भिजवणार नसेल तर नकोतच. बूट तापलेल्या गाडीतळापुरते उपयोगी, पण घरी आठवडाभर सवय करावी लागते. ब्लूटूथचे छोटे टॅग आसपासच्या फोनवर अवलंबून असतात, रानात फोन नाहीत. बहुतेक जीपीएस ट्रॅकर मोबाइल रेंज असेल तिथेच थेट जागा दाखवतात, म्हणून वाटेवर रेंज आहे का ते विचारावं.

करारात दोन गोष्टी तपासाव्यात. साधा सार्वजनिक दायित्व विमा कुत्र्याने दुसऱ्याचं नुकसान केलं तर उपयोगी पडतो. हँडलरच्या ताब्यात असताना कुत्र्यालाच इजा झाली तर त्यासाठी वेगळं कलम लागतं, ते आहे का बघावं. दुसरं, तातडीच्या उपचारांना आधीच लेखी परवानगी द्यावी, खर्चाची मर्यादा लिहून. डॉक्टर उपचार सुरू करायला थांबले आणि मालकाचा फोन लागत नाही, हे टाळता येतं.

पहिल्या महिन्यात प्रत्येक फेरीचा जीपीएस मार्ग मागून घ्यावा. फोटोपेक्षा तो खरं सांगतो: किती वेळ थांबले, किती वेगाने चालले, उन्हाच्या पट्ट्यात किती होते.

फेरीच्या दिवशी जेवण निघण्याच्या दोन-तीन तास आधी किंवा मग परतल्यावर तासाभराने. मोठ्या छातीच्या जातींत भरल्या पोटी पळाल्याने पोट फुगून पीळ पडण्याची भीती असते. घरी आल्यावर बोटांच्या बेचक्यांत, कानांत, काखेत आणि शेपटीखाली हात फिरवून गोचिडी आणि कुसळं बघावीत. कुसळाला उलटे काटे असतात. ते आपोआप बाहेर येत नाही, आतच सरकतं. एका बाजूला डोकं झटकत राहिला तर कानात, एकदम शिंकांची माळ लागली तर नाकात गेलं असं धरून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. पंजाच्या गादीचा थर सोलला असेल तर पुढच्या फेरीला सुट्टी. रात्री खाल्लं नाही, लघवी चहाच्या रंगाची झाली किंवा दुसऱ्या दिवशी उठायलाच तयार नाही, तर ‘दमला असेल’ म्हणून सोडून देऊ नये; आधी डॉक्टर, मग हँडलरला फोन.